चढणं इटलीचं, उतरणं मिरजेचं

“सिलिंडर म्हणाले मला. भरलेला सिलिंडर!”

सुनंदाबाई मगदूम शाळेच्या पायरीवर पाय पसरून बसल्या होत्या. एका पायात चाकांचा बूट, दुसरा बूट हातात. तो कुणाच्या डोक्यात घालायचा एवढंच ठरायचं बाकी होतं.

“अगं, कौतुकानं बोललो मी,” रावसाहेब मगदूम बदामाच्या झाडाआडून म्हणाले. “सर म्हणाले, बाईंना उचलायला जमेल का? मी म्हणालो, न जमायला काय झालं, घरात सिलिंडर मीच उचलतोय की.”

“आणि पुढं काय म्हणालात ते सांगा की ह्यांना! म्हणाले, सिलिंडरला निदान धरायला कडी तरी असते.”

मी दोघांच्या मध्ये उभा होतो. सकाळचे साडेआठ वाजले होते, मे महिना होता, आणि साताऱ्याजवळच्या त्या शाळेच्या रिंकवर अकरा वाजता राज्य स्पर्धा होती. मगदूम नवरा-बायको रुसून घरी गेले, तर इरावतीची नोकरी गेली. म्हणजे ती अजून लागलेली नव्हती. लागायच्या आधीच जाणार होती.

हे समजायचं तर थोडं मागं जावं लागेल. मी दिगंबर कोरे. दिवसा मिरजेतल्या एका दवाखान्यात एक्सरे काढायचो आणि संध्याकाळी इरावती बिरनाळेला उचलायचो. अकरा वर्षं उचललं. ती माझी बायको नव्हती, प्रेमप्रकरण तर अजिबात नव्हतं. आम्ही पेअर होतो. पेअर स्केटिंगमध्ये एक बाप्या आणि एक बाई गाण्याच्या तालावर जोडीनं घसरतात, गिरक्या मारतात, आणि मध्येच बाप्या बाईला डोक्यावर उचलतो. परदेशात हे बर्फावर चालतं. मिरजेत बर्फ रसवंतीगृहाबाहेर कुठं बघायला मिळत नाही, म्हणून आम्ही चाकांवर, बागेतल्या सिमेंटच्या रिंकवर.

आमचे मालगावे सर मूळचे मल्लखांबाचे. स्केटिंग त्यांना एका कॅसेटनं शिकवलं. त्यांचा भाचा जहाजावर होता, त्यानं इटलीहून आणलेली. तिच्यात एक इटालियन जोडी होती. त्यांची नावं काय, ती पुढं कुठं जिंकली, कुठं हरली, लग्न केलं का भांडून वेगळी झाली, आम्हाला काही ठाऊक नाही. त्यांची सगळी कारकीर्द आमच्याकडं दोन मिनिटं चाळीस सेकंद एवढीच होती. त्यात शेवटी तो उंच बाप्या त्या बाईला एका हातावर डोक्याच्या वर घेतो, बाई दोन्ही हात पसरते, आणि एकदम भाच्याच्या बायकोचं डोहाळेजेवण सुरू होतं. कुणीतरी वरून रेकॉर्ड केलेलं.

म्हणजे बाई वर कशी जाते हे आम्ही तीनशे वेळा बघितलं. खाली कशी येते ते कुणीच बघितलं नाही.

“त्यात काय एवढं?” सर म्हणाले. “वर गेलेला माणूस खांबावरून कसा येतो? सरकत. दिगू, तू खांब.”

तेव्हापासून मी खांब. इरावती वर जायची इटलीसारखी आणि माझ्या पाठीवरून खाली यायची मिरजेसारखी, डोकं खाली, पाय वर, आणि शेवटच्या क्षणी कोलांटी. आम्ही त्या लिफ्टला ‘इटली’च म्हणायचो. सर कठड्यावरून ओरडायचे, “इटली!” इरावती माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारायची, “येऊ?” मी म्हणायचो, “ये.” की ती वर. तिचं वजन एक्कावन्न किलो, बुटांचं साडेतीन.

या इटलीच्या जोरावर आम्ही सलग सहा वर्षं राज्य विजेते होतो. खरं सांगायचं तर जोर इटलीचा नव्हता. राज्यात दुसरी जोडीच नव्हती.

सहा वर्षं ते कुणाला खटकलं नाही. मग इरावतीनं खेळाडूंच्या राखीव जागेतून क्रीडा अधिकाऱ्याच्या जागेला अर्ज केला. मुलाखतीला गेली. समोरच्या साहेबांनी सुवर्णपदकाचं प्रमाणपत्र उलटंसुलटं करून बघितलं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘सहभागी जोड्या : एक’.

“मग तुम्ही हरवलं कुणाला?” साहेबांनी विचारलं.

शेजारचे दोघे हसले म्हणे. कमीत कमी तीन जोड्या खेळल्या असतील आणि पहिल्या तिघांत नंबर असेल तरच प्रमाणपत्र चालेल, असं त्यांनी सांगितलं. आता पुन्हा जागा निघाल्या होत्या आणि ऑगस्टमध्ये तिची वयोमर्यादा संपत होती. ही शेवटची स्पर्धा.

तेव्हा सरांनी जोड्या तयार केल्या. एक सोलापूरची, सख्खे बहीण-भाऊ, शर्यतीत पळणारे. दुसरी जयसिंगपूरचे मगदूम. रावसाहेबांचं पाईपचं दुकान होतं आणि नुकतीच साखर वाढली होती. डॉक्टर म्हणाले, चालत जा. सर म्हणाले, चालण्यापेक्षा घसरा, लवकर पोचाल. वीस दिवसांत त्यांनी दोघांना उभं राहायला, पुढं जायला आणि एकमेकांना धरून थांबायला शिकवलं.

हिशोब अगदी सोपा होता. जोड्या तीन, पदकं तीन. शेवटचा आला तरी तिसरा. फक्त तिन्ही जोड्यांनी आपापली तीन मिनिटं पुरी करायची. पडलं तरी चालेल, रिंक सोडायची नाही. एक जोडी जरी बाद झाली, तरी कुणाच्याच प्रमाणपत्राला अर्थ नाही.

आणि ती एक जोडी आत्ता सिलिंडरवर अडली होती.

“सुनंदाताई,” मी म्हणालो, “तीन मिनिटांचा प्रश्न आहे.”

“तीन मिनिटांत काय काय होतं तुम्हाला ठाऊक आहे का? हे मला बघायला आले तेव्हा तीन मिनिटांत हो म्हणाले. चोवीस वर्षं झाली.”

“चार बोटं उचललं तरी लिफ्ट धरतात,” सर मध्ये पडले. “रावसाहेब, आधी माफी मागा.”

“मागतो की. पण उचलायचं कसं ते कुणी सांगणार आहे का? धरायचं कुठं?”

बूट सुटला. झाडाला लागला.

इरावती सुनंदाबाईंच्या शेजारी पायरीवर जाऊन बसली. “ताई, माझ्यासाठी,” एवढंच म्हणाली.

सुनंदाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग सरांना म्हणाल्या, “सर, कुणी कुणाला उचलायचं हे पुस्तकात लिहिलंय का?”

सरांनी नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा लावला. “‘जोडीतील एका खेळाडूने दुसऱ्यास जमिनीपासून पूर्णपणे उचलणे.’”

“एका खेळाडूने. म्हणजे बाप्यानंच असं नाही.”

“तसं नाही म्हणा.”

“मग मी उचलते ह्यांना.”

“अगं, लोक काय म्हणतील?” रावसाहेब झाडाबाहेर आले.

“म्हणतील, कडी नव्हती तरी उचलला.”

असा तो प्रश्न मिटला. मी हुश्श केलं आणि पाण्याच्या टाकीमागं सावलीला जाऊन बसलो. अकरा वर्षांत मी असा कितीतरी टाक्यांमागं बसलो होतो. नागपूरची टाकी, नांदेडची टाकी. गाव बदलायचं, टाकी तीच वाटायची. डबा तोच, तीच इस्त्री केलेली निळी चमचमती पँट. आईनं त्या पँटीच्या टिकल्या आठ वेळा परत शिवल्या होत्या.

इरावती आली आणि समोर उकिडवी बसली.

“दिगू, इटली करू या.”

“कशाला? नुसतं हात धरून तीन मिनिटं फिरलो तरी तिसरे आहोत.”

“तेच नको आहे मला.”

“नोकरी हवी आहे की नको?”

“हवी आहे. पण ते परत विचारतील, कुणाला हरवलं? तर नाव घेऊन सांगता यायला पाहिजे.”

“मगदूम नवरा-बायकोला हरवलं म्हणून सांगणार?”

“हो. सोलापूरकरांना आणि मगदूमांना. खेळून हरवलं म्हणून सांगणार. तू हसू नकोस.”

मी हसत नव्हतो. मी पिशवीतून एक्सरे काढला आणि सूर्यासमोर धरला. “हे बघ. हा मणका. खालून दुसरा. बसलाय.”

ती बराच वेळ बघत राहिली. “कधी काढलास?”

“गेल्या आठवड्यात. तुला वर घेतलं आणि मध्येच गेला, तर दोघंही पडू. तू रिंकबाहेर, मी स्ट्रेचरवर. स्पर्धा बाद. तुझी नोकरी बाद. सोलापूरच्या पोरांचंही वाटोळं.”

“खूप दुखतं का?”

“दुखतं की.”

“बरं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “असं करू. इटलीची जागा आली की मी विचारेन, येऊ? तुला वाटलं तर ये म्हण. नाही वाटलं तर नाही म्हण. मी पुढं जाईन. चालेल?”

“चालेल.”

तो एक्सरे कुपवाडच्या एका त्रेसष्ट वर्षांच्या ट्रक ड्रायव्हरचा होता. नावाचा कोपरा मी कात्रीनं कापला होता. माझ्या स्वतःच्या पाठीचे मी चार एक्सरे काढले होते, काहीतरी सापडेल या आशेनं. चारही वेळा पाठ अशी आली की पुस्तकात छापावी.

अकराची स्पर्धा साडेबाराला सुरू झाली. तीन परीक्षकांपैकी एकांची गाडी कराडला बंद पडली, म्हणून त्या शाळेचेच खेळाचे मास्तर बसवले. त्यांनी आधीच सांगून टाकलं, “मला खो-खोचं कळतं. पडलं की बाद एवढंच मी बघणार.” पडलं तरी बाद नसतं, हे त्यांना समजावण्यात आणखी पंधरा मिनिटं गेली. रिंक इतकी तापली होती की एका कोपऱ्यात भेगांमध्ये भरलेलं डांबर चाकांना चिकटत होतं. शिपायानं तिथं बादलीभर पाणी ओतलं. मग तिथं घसरायला व्हायला लागलं. मग त्यानं त्यावर माती टाकली. मग तो कोपराच स्पर्धेतून वगळला.

पहिले सोलापूरचे बहीण-भाऊ. गाणं सुरू झालं आणि ते सवयीनं सुटलेच. गाणं हळू, ही दोघं जोरात. भावानं बहिणीला मुलांना घेतात तसं पाठुंगळी घेतलं, दोन फेऱ्या मारल्या, उतरवलं, आणि दोन्ही हात वर करून दोघं थांबली. गाण्याचं अजून एक मिनिट दहा सेकंद बाकी होतं.

“संपलं?” परीक्षकांनी विचारलं.

“हो सर. पहिले आलो का?”

“वेळ पुरा करायचा असतो, बाळांनो!” सर कठड्यावरून किंचाळले. “फिरा! फिरा!”

मग उरलेला वेळ ती दोघं, परीक्षकांना नमस्कार करत, गोल गोल फिरली. पण रिंक सोडली नाही.

मग मगदूम. रावसाहेबांनी सफारी घातली होती. सुनंदाबाईंनी पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला गच्च बांधली होती. एकमेकांचे हात घट्ट धरून दोघं निघाली ती बँकेत रांगेत सरकावं तशी. बोलत होती. काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं, पण गोड नसावं. अडीच मिनिटं झाली. मग मधोमध थांबून सुनंदाबाईंनी नवऱ्याच्या काखेत हात घातले, दात-ओठ खाल्ले, आणि उचललं. चार बोटं नाही, चांगलं वीतभर. रावसाहेबांचे पाय हवेत, चाकं भिरभिरतायत, आणि तोंडातून आवाज, “अगं पुरे! अगं बघितलं त्यांनी!”

माणसं बाकांवर उभी राहून ओरडत होती. खो-खोच्या मास्तरांनी उभं राहून शिट्टी वाजवली. सुनंदाबाईंनी नवऱ्याला अलगद खाली ठेवलं, कपाळावरचा घाम पुसला आणि पहिल्यांदाच हसल्या. रावसाहेब पण हसायला लागले. तशीच हसत, एकमेकांना धरून, दोघं कठड्यावर येऊन आपटली. वेळ पुरा झाला होता.

आता फक्त आम्ही. दोन जोड्या पार पडल्या होत्या. आम्ही तीन मिनिटं हातात हात घालून फिरलो असतो तरी काम झालं होतं.

आम्ही चांगलं खेळलो. हे मी आढ्यतेनं सांगत नाही, अकरा वर्षं एकच गोष्ट केली की ती चांगलीच होते. तिचा डावा पाय कुठं पडणार हे माझ्या उजव्या पायाला माझ्याआधी कळायचं. गिरक्या झाल्या, उलटं जाणं झालं. इरावती ओठातल्या ओठात मात्रा मोजत होती. नेहमीची जागा आली, फाटकासमोरची. सर सवयीनं ओरडले, “इटली!”

माझे हात तिच्या कमरेशी गेले. तिचे हात माझ्या खांद्यांवर आले. तिनं विचारलं, “येऊ?”

मी काहीच बोललो नाही.

नाही म्हणायचं ठरलं होतं. ये म्हणणंही ठरलं होतं. गप्प बसायचं ठरलं नव्हतं. अकरा वर्षांत मी गप्प कधी बसलोच नव्हतो, त्यामुळं माझ्या गप्प बसण्याचा अर्थ काय हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिनं अर्धी मात्रा वाट बघितली आणि उडी घेतली.

मी हात काढून घेतले होते.

ती वर गेली. तिची बोटं माझ्या खांद्यावरून निसटताना मला कळली. मी पुढं घसरत गेलो, मागं बघितलं नाही. फक्त आवाजाची वाट बघितली. एक माणूस आणि साडेतीन किलो लोखंड सिमेंटवर पडल्याचा आवाज कसा येतो हे मला माहीत होतं.

तसा आवाज आला नाही. टक्, असा एकच आला. चार चाकं एकदम टेकल्याचा.

वळलो तर ती एका पायावर उभी, दुसरा पाय मागं ताणलेला, हात पसरलेले, आणि मागं मागं घसरत चाललेली. हवेतच तिनं अंग फिरवलं होतं. लोकांना वाटलं हे असंच बसवलंय. टाळ्या पडल्या. ती गोल फिरून माझ्याजवळ आली, माझा हात धरला, आणि उरलेले पन्नास सेकंद आम्ही हसतमुखानं पुरे केले. तिचा हात गार पडला होता. मे महिन्यात.

निकाल चार वाजता लागला. पेअरला लिफ्ट नसली तर बाद करत नाहीत, पण निम्मे गुण कापतात, आणि आमची एकही झाली नव्हती. तिसरे आम्ही. सोलापूरकरांचा वेळेचा घोळ झाला, पण पाठुंगळी का होईना, लिफ्ट होती. ते दुसरे. पहिले, महाराष्ट्र राज्य विजेते, श्री. रावसाहेब आणि सौ. सुनंदा मगदूम, जयसिंगपूर.

“साखर किती झाली असेल हो आता माझी?” रावसाहेब पदक चावून बघत विचारत होते.

“काढा ते तोंडातून,” सुनंदाबाई म्हणाल्या. मग इरावतीकडं वळल्या. “पोरी, हे तुझं हाय गं. आम्ही कोण? वीस दिवसांचे.”

“नाही ताई. तुम्ही उचललंत,” इरावती म्हणाली.

सर सगळ्यांना पेढे वाटत होते. काम झालं होतं. तीन जोड्या, तिसरा नंबर, प्रमाणपत्र पक्कं. पुढं जुलैत तिची मुलाखत झाली आणि नोकरी लागली, हेही आत्ताच सांगून टाकतो. आज ती मोठ्या हुद्द्यावर आहे. दिवाळीला फोन येतो.

पण त्या दिवशी, फोटोसाठी सगळ्यांना गोळा करत होते तेव्हा, ती बूट सोडत माझ्या शेजारी पायरीवर बसली.

“तो एक्सरे कुणाचा होता?” तिनं विचारलं.

मी बुटाची चाकं पुसायला लागलो.

“काल एस.टी.तून उतरताना मगदूमांची ट्रंक डोक्यावर घेऊन आलास. बसलेल्या मणक्यानं? मला सकाळीच कळलं होतं, दिगू.”

“मग बोलली का नाहीस?”

“वाटलं, घाबरला असेल. माझी नोकरी, एवढ्या लोकांचं सगळं. माणूस घाबरतो. म्हणून तर म्हणलं, मी विचारेन, तू सांग.” तिनं एक नाडी सोडवली, दुसरीला हात घातला. “नाही म्हणाला असतास तर मी उडी घेतली नसती.”

“माहीत आहे.”

“भीती वाटली ना?”

हो म्हणालो असतो तर संपलं असतं. ती वाटच बघत होती, मी हो म्हणायची. पण त्या दिवसापुरतं एक तरी खरं बोलावंसं वाटलं.

“नाही,” मी म्हणालो. “कंटाळा आला होता, इरा. तू ‘येऊ’ म्हणालीस, आणि मला ‘ये’ म्हणायचा कंटाळा आला. ‘नाही’ म्हणायचा पण.”

तिनं नाडी सोडवायचं थांबवलं. मैदानावर सोलापूरची दोघं पदकं घालून शर्यत लावत होती.

“भीती असती तर मी समजून घेतलं असतं,” ती म्हणाली. “कंटाळ्याचं काय करायचं, ते मला माहीत नाही.”

फोटोवाला ओरडला, “तिसरी जोडी! चला, लवकर. जवळ या अजून. जोडी वाटायला पाहिजे!”

ती अनवाणीच उठली, माझ्याजवळ येऊन उभी राहिली, खांद्यावर हात ठेवला, आणि हसली. फोटो अर्जाला जोडायचा होता.